चुंगडीतला झिंगा

सोसायटीच्या टिनाखाली तीस चुंगड्या उतरल्या.
डायवर म्हणाला, सही करा, पाणी लागू देऊ नका.
पाणी लागू देऊ नका म्हणे,
तलावाच्या पारीवर उभा राहून.

लेबल मी वाचलं.
वाचता येणारी मी एकटीच नाही,
पण चश्मा माझ्याकडे असतो.
माशांचं खाद्य. प्रथिनं अठ्ठावीस टक्के.
धानाचा कोंडा, सोयाबीनची ढेप,
आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
क्रिल. दक्षिण महासागर.

केसरबाईनं मूठभर काढून हुंगलं.
साठ वर्षं डोंग्यात बसलेलं नाक ते.
"झिंगा हाये हा," म्हणाली,
"पर आपला नाई. ह्याले चिखलाचा वास नाई."

मग मोबाइलवर शोधलं.
बर्फाच्या कडेला राहतो. करंगळीएवढा.
इतका दाट, की समुद्र लांबवर गुलाबी दिसतो.
जहाज त्यात नळी सोडतं आणि ओढत राहतं रात्रंदिवस,
बोडीतलं पाणी पंपानं बांधीत घ्यावं तसं.
देवमाशाचं जेवण ते.
आता कोंबडीचंही,
शहरातल्या बाटलीतल्या तेलाच्या गोळ्यांचंही,
आणि यंदापासून आमच्या कटल्याचं.

"उपाशी पडला का तो लहान होते,"
मी वाचून दाखवलं,
"कात टाकते, अन् आदल्यापेक्षा बारीक निंगते."
केसरबाईनं जरा विचार केला.
"माणसाले ते जमत नाई," म्हणाली,
"लुगडं तेवढंच लागते."

आमचा झिंगा धानाच्या दाण्याहून थोडा मोठा.
पाणी उतरलं की बाया कंबरभर पाण्यात उतरतात,
दोघींत एक जाळी,
पाय चिखल चाचपत पुढे.
पारीवर वाळत घातला की तो पांढरा पडतो
आणि डोळे तेवढे काळे राहतात,
मोहरीएवढे,
हजारो, सगळे आभाळाकडे.
चुंगडीतल्या भुकटीला डोळे नाहीत.
मी चाळणीतून चाळून पाहिलं.

लाखांदूरच्या बाजारात आमचा झिंगा पायलीनं जातो.
एवढा कुठं खपतो म्हणून एकदा व्यापाऱ्याला विचारलं.
म्हणाला, अर्धा खायला, अर्धा खाद्यवाल्याला.
म्हणजे आमचाही कुठल्यातरी चुंगडीत जातो,
कुठल्यातरी लेबलाच्या अगदी खाली,
आणि तिकडे कोणी बाई चश्मा लावून
आमच्या तलावाचं नाव शोधते की नाही,
कोण जाणे.

अध्यक्ष चैतराम मारबते म्हणाले,
मासा आठ महिन्यांत किलोचा होते, वहिनी, हिशेब पाय.
हिशेब मी पाहिला. त्यांचं चुकत नाही.
अंगणवाडीच्या ताईंचंही चुकत नाही,
पोरांचे दंड मोजून त्या म्हणतात, प्रथिनं द्या, प्रथिनं.
केसरबाईच्या नातीचा, रेवतीचा दंड
त्यांच्या पट्टीवर पिवळ्या रंगात येतो.
झिंगा आम्ही विकतो, तेव्हा तिला वांग्यात
वाटीच्या तळाशी पुरेल इतकाच उरतो.

संध्याकाळी केसरबाईनं डोंगा काढला.
डाव्या हातानं चुंगडीतलं फेकलं,
उजव्या हातानं आपलं, कोंड्यात कालवलेलं.
पाणी दोन्हीकडे उसळलं.
कुठं जास्त, ते अंधारात दिसलं नाही,
आणि तिनंही सांगितलं नाही.

परत आली तेव्हा ओटीत थोडं उरलं होतं.
चिमूटभर जिभेच्या टोकावर ठेवलं,
डोळे मिटले,
मला वाटलं आता थुंकते.

"एवढा मोठा समुद्र," म्हणाली,
"अन् मीठ कमी."

मी चश्मा पुसला
आणि रजिस्टरात लिहिलं:
चुंगड्या एकोणतीस,
एक फुटलेली.