कात्रण सेवा

फळ्यावर मी रोज फक्त तारीख बदलते.
बाकीचं तसंच राहतं :
नवीन पुस्तकं एकोणतीस, काचेच्या कपाटात.
झेरॉक्स एक रुपया पान, लाइट असल्यास.
जुन्या प्रश्नपत्रिका मागून घ्याव्यात.
इंटरनेट दुरुस्त होत आहे.
हे ‘होत आहे’ दिवाळीपासून होत आहे.

पेपर साडेदहाला येतात, वडशाच्या एसटीनं.
कंडक्टर दारातूनच गठ्ठा खाली टाकतो,
कधी सुतळीत कोंबडीचं पीस अडकलेलं असतं.
मग माझी कात्री.
वनरक्षक भरती, पोलीस भरती,
अंगणवाडीची एक जागा, तीही राखीव.
चौकोन कापायचा, खळ लावायची, फलकावर डकवायचा.
पोरी मोबाइलमध्ये फोटो काढतात,
पोरं बोटांवर आपलं वय मोजतात
आणि दोन महिन्यांनी हुकलं की
तिथंच उभी राहून पुन्हा मोजतात.

इकडं पेपरला भोक पडतं.

त्या भोकाचं गिऱ्हाईक एकच.
दसरूजी कुमरे, लाकूड डेपोचे निवृत्त राखणदार,
बाह्य वाचक, अनामत शंभर रुपये.
पेपर खिडकीकडं धरून
भोकातून माझ्याकडं बघतात :
‘बाई, वाघ नदीच्या रस्त्यावर आला. अन् पुढं?’
पुढचं मी सांगते.
कापताना वाचलेलं असतं,
नसलं तर रचते.
माझ्या वाघानं आजवर
कोणाची शेळीसुद्धा नेलेली नाही.
ही सेवा फळ्यावर लिहिलेली नाही.

त्या मंगळवारी पान चारवर फोटो होता,
खाली दोन ओळी. भोयर.
तीस वर्षं दंडारीत हा लुगडं नेसून नाचला,
आणि दसरूजी ढोलकीवर.
फोटोत मात्र मिशी होती, फेटा होता.
नोकरी नव्हती त्यात कुठली.
तरी कापला, चारही बाजूंनी सरळ,
भरतीसारखा.
(सोमवारी ते आलेच नव्हते.
हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.)

अकराला आले. चप्पल दाराबाहेर, नेहमीसारखी.
पान एक, पान दोन, तीन.
चारवर थांबले.
भोकातून बघितलं नाही.
कडेवरून बोट फिरवलं, जसं
ओंडक्याचा काप पाहावा.
‘हे कायची भरती होती जी?’
‘तलाठ्याची.’
‘तलाठ्याची एवढीशी नसते, बाई.’

वाचन कक्षात दोन पोरी अर्थशास्त्र कुजबुजत होत्या.
मी रजिस्टर उघडलं, मिटलं.

‘परवा मीच लाकडं रचली त्याची,’ ते म्हणाले,
‘जलम डेपोत गेला. लाकूड मले समजते.
फोटोबी मीच देल्ला पेपरवाल्याले.
छापला का नाही, थे पाहाले आलो.’

मग मी फाईल काढली.
शेती, आरोग्य, स्थानिक.
स्थानिकमध्ये खळ अजून ओली होती,
फोटोचा एक कोपरा वर उचललेला.
त्यांनी तो अंगठ्यानं दाबून धरला,
चिकटेपर्यंत, आणि नंतरही थोडा वेळ.
‘सुखराम छापलं का गा ह्यायनं!
सुकरू होता थो. शाळेच्या दाखल्यावरही सुकरूच.’

कात्रणांवर काहीही लिहू नये,
हे फायलीच्या पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात आहे.
मी लाल पेन दिलं.
त्यांनी नाव खोडलं, वर लिहिलं,
एकेक अक्षर सुटं सुटं,
डेपोच्या वहीत ओंडक्याचा नंबर टाकावा तसं.
पेनाला टोपण लावून परत केलं.

लाइट गेली. पंखा आपल्या वेगानं
हळू हळू उभा राहिला.
दसरूजींनी पेपर पुन्हा उचलला,
ह्यावेळी भोक डोळ्यांसमोर धरलं.

‘अन् मागच्या बाजूनं काय होतं?’
‘पाइपाची जाहिरात.’
‘कितीले?’