पावणेचार

दौलतगंजात राठोरच्या रद्दीच्या दुकानी
तराजूमागे गजकचा एक पत्र्याचा डबा आहे.
त्यात माणसं आहेत.
वीसला एक, शंभराला सहा.
"बाईजी, आपके रिश्तेदार आ गए,"
कुणाचं घर रिकामं झालं की राठोर सांगतो.

मी रविवारी जाते. स्टुलावर बसते, भिंग काढते.
चेहरे आधी बघायचे नाहीत, हा माझा नियम.
चेहरे तयारीनं आलेले असतात.
कडा बघायच्या.
रंगवलेल्या तळ्याचा पडदा संपतो
तिथली पोपडे धरलेली भिंत,
खिळ्याला कुणाची तरी टोपी,
आणि एकदा तर पडदा धरून उभ्या पोराची चार बोटं,
संगमरवरी कठड्यावर,
तळ्यातून कुणी वर येत असल्यासारखी.

घड्याळ असंच सापडलं.
आधी एका कंपाउंडरच्या मनगटावर:
चौकोनी, काचेला कोपऱ्यात तडा.
दोन महिन्यांनी एका पहिलवानाच्या,
पट्टा शेवटच्या भोकात, तरी रुतलेला.
मग एक नर्स, पांढरे मोजे, घाबरलेली.
मग दोघे भाऊ, धाकट्याला घड्याळ, थोरल्याला छत्री.
मग छोट्या गाडीचा गार्ड, भिंड लाइनचा,
खिशात स्वतःचं साखळीचं असून
मनगटावर हे.

सगळ्यांकडे पावणेचार.

सुदर्शन चित्रशाळा, हुजरात रोड, लष्कर.
पाठीमागचा शिक्का बदलत गेलेला:
आधी ग्वाल्हेर संस्थान,
मग मध्यभारत,
मग नुसतं म. प्र.
आणे गेले, शेर गेले,
दरबारी पगड्या गेल्या, बुशकोट आले,
आणि घड्याळाला चावी द्यायचं
तीस वर्षं कुणाला सुचलं नाही.
वेळ बघायला थोडंच घातलं होतं कुणी!
मी दुकानात एकटीच हसले.
राठोर म्हणाला, "मिल गया कोई?"

आमच्याकडे बाबांचा लग्नाआधीचा एकच फोटो.
खुर्चीत ताठ, उजवा हात डाव्या मनगटावर.
बाबांची ऐट, असं आम्ही म्हणायचो.
आणि त्या मनगटावरच्या घड्याळाची गोष्ट मला पाठ होती:
माझ्या मॅट्रिकच्या फीसाठी ते बाबांनी विकलं.
आई पाहुण्यांना सांगायची.
बाबा उठून पाणी प्यायला जायचे.

गेल्या संक्रांतीला फ्रेम पुसत होते,
भिंग हाताशीच होतं.
चौकोनी.
कोपऱ्यात तडा.
काटे मी मुद्दाम शेवटी बघितले.

ऐट कसली!
मनगट बारीक, पट्टा सैल,
घड्याळ पंजावर घसरत होतं
तेवढं ते धरून होते.
हलू नका, म्हणाला असेल फोटोवाला.
नाही हलले.

मग फी कशाची भरली?
विचारायला दोघंही नाहीत.
त्याच वर्षी सायकल चोरीला गेली होती म्हणे आमची.
चौकीत मात्र कुणी गेलं नाही.
बाबा मिलपर्यंत चालत जायचे त्यानंतर,
पहाटे निघायचे, आणि आई म्हणायची,
चालणं बरं असतं प्रकृतीला.
सायकलीचा फोटो नाही कुठेच.
तिच्यासाठी कोण स्टुडिओत जातं?

त्या रात्री जेवणाचं टेबल आवरून
सगळ्यांना ओळीनं मांडलं.
पहिलवान, गार्ड, दोघे भाऊ.
बाबांना नर्सच्या शेजारी जागा दिली,
दोघंही सारखीच घाबरलेली वाटली.
बराच वेळ दिवा मालवला नाही.

काल राठोरचा फोन आला.
कंपूत एक घर रिकामं झालंय,
पोतंभर आहेत म्हणाला, अजून मोजले नाहीत.
भिंग पुसून पर्समध्ये टाकलंय.
तेवढ्यात आठवलं म्हणून
छत्रीही.