पाहुण्या शब्दांची लिपी

गणपत गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान.
फ्लेक्स आल्यापासून ब्रश वाळत पडलेत.
एखाद्या लॉरीचं मागचं फळकूट,
एखाद्या गिरणीचं दरपत्रक,
एवढंच उरलंय हाताला.

पोरगी म्हणाली, पप्पा, एक बोर्ड हवाय.
तिसऱ्याच लिपीत.

एम.ए.ला आहे ती, समाजशास्त्राला.
प्रबंधाचा विषय मी चारदा विचारला, चारदा विसरलो:
इथली पोरं जपानी कार्टूनं का बघतात
आणि रविवारी त्यांतली सोंगं का घेतात.
"कार्टून न्हवं, ॲनिमे," ती म्हणते,
जसा मी म्हणतो, पेंटर न्हवं, आर्टिस्ट.

जेवताना तिथलं सांगत असते.
एकट्यानं बसून खायची हाटेलं, दोन्ही बाजूंना फळी,
शेजारच्याचं तोंड दिसू नये म्हणून.
वर्षानुवर्षं खोलीबाहेर न पडणारी पोरं,
दाराशी ताट ठेवून जाणाऱ्या आया.
लग्नात उभा राहायला भाड्यानं मिळणारा बाप.
"तासाला किती घेतो?" मी विचारलं.
ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं.
हल्ली मला संशय आहे,
मीही त्या प्रबंधात आहे.

मग कागदावर मांडून दाखवलं तिनं:
त्यांच्या एकाच ओळीत तीन लिप्या नांदतात.
एक चीनकडून आलेली,
एक घरची, वळणदार,
आणि एक काटक्या मोडून ठेवल्यासारखी,
बाहेरून आलेल्या शब्दांसाठी.
बस, कॉफी, टेबल, सगळे तिच्यात.
"आणि पाव?"
"पावाला ते पान म्हणतात. फिरंग्यांकडनंच घेतलाय, आपल्यागत.
चारशे वर्षं होऊन गेली.
खरं अजून पाहुण्याच्याच लिपीत लिहितात."

चारशे वर्षं.
हातातला तुकडा चहावर तसाच धरून बसलो.
आमच्या पावाला कधी कुणी विचारलं नाही,
तू कुठला.

या गावात लिपी म्हणजे काय
ते या हातांना विचारा.
वर कन्नड, मोठं. खाली आमचं, असलं तर.
रात्री फासलेलं डांबर सकाळी रॉकेलनं पुसायचं.
दोन्हीकडचं पुसलंय, मजुरी तीच.
कन्नड अक्षराला पोट कसं द्यायचं
ते शिवलिंगप्पा उस्तादांनी शिकवलं, बोटं धरून.
शिव्या मात्र मराठीत द्यायचे.

रविवारी टिळकवाडीतल्या हॉलवर बोर्ड घेऊन गेलो.
उद्यमबागेत साच्यात वाळू भरणारा नागेंद्र,
डोक्यावर पांढरे शुभ्र केस.
गोकाकची दानेश्वरी, पाठीला पुठ्ठ्याची तलवार.
उज्ज्वलनगरचा मुदस्सर कोल्ह्याच्या मुखवट्यात घामाघूम.
एकमेकांना कमरेत वाकून नमस्कार.
कुठल्या भाषेत बोलायचं
हा प्रश्न दिवसभर निघालाच नाही.
निघाला तो भलताच:
मूळ आवाजात ऐकून खालच्या ओळी वाचायच्या,
की हिंदीत डब केलेलं चालतं?
त्यावरून मात्र पुठ्ठ्याच्या तलवारी बाहेर आल्या.
पोरगी नोंदी घेत होती.
मी मागं उभा, भाड्यानं आणल्यागत.

बोर्डावर गावाचं नाव होतं.
तिनं दिलेलं बघून काढलं होतं, रेघेला रेघ,
काय काढतोय ते न कळता.
"वाच की."
"बेरागावी."
"ळ कुठाय?"
"तिथं ळ नाही पप्पा. ल पण नाही. र वरच भागवतात."
"मग आपलं आडनाव? कंग्राळकर?"
तिनं बोटांवर मोजत जमवून बघितलं:
"कांगुरारुकारु."
यावर दोघंही हसलो, रिक्षावाला वळून बघेपर्यंत.

घरी आलो. डब्यात निळा रंग उरला होता.
जुन्या पत्र्यावर एक आमचा ळ काढला,
शेजारी उस्तादांचा.
ज्या दोन नावांवरून इथं डोकी फुटली
त्या दोन्ही नावांत हा आहेच, मधोमध,
जीभ तशीच वर वळते.

पोरगी पाणी प्यायला उठली होती.
"हे कशाला?"
हात लावू नको, म्हटलं.
ओला आहे अजून.