छातीची फिल्म

फहाहील, रात्रीचे दोन.
मॅडमची लूलू पुन्हा खोकते,
बदक ओरडावं तशी.
महिनाभर मला वाटलं, घशात काटा असेल;
जबडा उघडून बोट फिरवलं,
मधही चाटवला.

डॉक्टरनं फिल्म दिव्यावर धरली.
श्वासनळी चपटी, ओल्या स्ट्रॉसारखी.
गळ्याचा पट्टा काढ, छातीचा घाल.
वजन उतरव. बखूरचा धूर नको.
बरी नाही व्हायची ही. सांभाळायची.

सांभाळणं मला येतं.
धूळ उठली की खिडकीच्या फटींत ओला टॉवेल,
न्हाणीत वाफ कोंडून तिला मांडीवर घ्यायचं,
झोपली की श्वास मोजायचे.
मिनिटाला बावीस. ठीक.

इकामाच्या वेळी माझीही फिल्म काढली होती.
त्या सकाळी गाडीच्या काचा वर करून
असेल नसेल तेवढं खोकून घेतलं,
मग आत गेलो ताठ, कोरडा.
डाग दिसला की विमानात बसवतात,
हे सगळ्यांना माहीत.

लूलूला काय त्याचं?
दिवाणखान्यात पाहुण्यांच्या मधोमध
पाय रोवून खोकते.

परवा तिच्या आवाजात मिसळून
मीही खोकलो दारामागे.
मॅडम म्हणाली, लूलूला औषध दिलंस ना?