रात्रीचं तेल, जादा

गांधी गेटाच्या अलीकडे, एका माडीवर
बारा वर्षं मी मोडी वाचते.
पानाला चाळीस रुपये, कसर लागलेल्या पानाला साठ.
जमिनीच्या वाटण्या, विहिरीचे तंटे,
आणि एकदा, सरपणाच्या भावानं आलेल्या थैलीत
कुठल्याशा राणीचा खाजगी खर्च.
कुठल्या घराण्याची, ते पहिल्या पानासोबत गेलं.

त्यावर सिनेमा काढायचा म्हणून
मुंबईची दोन मुलं आली होती.
त्यांना वाचून दाखवलं:
दाढेसाठी लवंगा.
एरंडेल.
पोपटाला हिरवी मिरची, आणि पोपट मेल्यावरही चार दिवस मिरची,
कारण कारकुनाला कुणी कळवलं नाही.
निजायच्या खोलीची कडी मोडली, लोहाराला दीड आणा.
कडी पुन्हा मोडली.
मुलं लिहून घेत होती. निदान पेनं हलत होती.
जाताना संत्र्यांची पेटी घेऊन गेली.

काल सीताबर्डीला बाराचा खेळ पाहिला.
सोबत पाचपावलीचे सुखदेव हेडाऊ.
त्यांचा पणजा म्हणे राजवाड्याला लुगडी विणून द्यायचा.
वहीत हेडाऊ हे नाव नाही.
ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पडद्यावर राणी झोपली होती.
अंगावर जरीचा शालू, नथ, बाजूबंद, चंद्रहार, सगळंच.
हेडाऊ अंधारात म्हणाले,
"येवढं वजन घेऊन कोन झोपते वो बाई?"
मागून कुणीतरी, "चूप बसा ना काका."

मग राणी उठली. केस विस्कटलेले नाहीत.
शंभर समया, हौदात गुलाब,
खिडकीशी उभी राहून ती चंद्राशी बोलली,
एकाही शब्दाला न अडखळता.
तिची दाढ दुखत नाही.
तिच्या दाराला कडीच नाही,
कॅमेरा सरळ आत जातो.
मी हसत होते. आणि मग ते आलं.

वहीत आहे: श्रावण ते कार्तिक,
राणीसाहेबांचे खोलीत रात्रीचं तेल, जादा, रोज पावशेर.
एवढंच. कशासाठी, ते कारकुनानं लिहिलं नाही.

सिनेमात त्या उजेडात ती पत्रं लिहिते,
एका घोडेस्वाराला.
पुढच्या रांगेतली बाई पदरानं डोळे पुसत होती.

खोटं, मी म्हणाले. साफ खोटं.
पण मी तरी काय केलं होतं इतकी वर्षं?
त्या तेलाच्या उजेडात मी एक आजारी मूल निजवलं होतं.
कपाळावर ओली घडी, उशाशी जागी आई.
वहीत मूल नाही.
वैद्याची बिदागी नाही, काढा नाही, मध नाही.
मीच ते तिथं ठेवलं होतं,
माझ्या घरी तसा एक श्रावण होऊन गेला म्हणून.

बाहेर आलो तर डोळे दिपवणारं ऊन.
तर्री-पोह्यांच्या गाडीवर हेडाऊंना विचारलं,
कशाला लागलं असेल हो तेल?
त्यांनी लिंबू पिळलं, बी काढून टाकलं,
एक घास खाल्ला.
"भेव वाटत असन बाईले अंधाराचं," म्हणाले.
"रानी असली म्हनून काय झालं."

आज सकाळी वही पुन्हा काढली.
मिती लावून मी कधी पाहिलीच नव्हती.
कडी मोडली: आषाढ वद्य अमावास्या.
तेल: श्रावण शुद्ध प्रतिपदेपासून.
कडी पुन्हा मोडली: भाद्रपद.
कार्तिकात, ज्या पानावर तेल थांबतं त्याच पानावर,
सुताराला चार आणे,
त्याच दाराला सागवानी अडसर. आतून.

मी काही म्हणत नाही.
काल एकदा म्हणून झालंय.

मुलांचा नंबर आहे माझ्याकडे.
लावला नाही.
वही कापडात बांधली, वर बोरिकची पुडी ठेवली,
आणि पुढचं काम घेतलं:
विहीर, दोन भाऊ, पाण्याच्या पाळ्या.