विजेरी

कंब्रियातल्या ऑल्स्टनच्या चढावर
विल्फ टीझडेलचं दुकान. खिळे, दोर, मेंढ्यांच्या खुरांचं औषध.
काउंटरवर चार विजेऱ्या उभ्या करून
तो म्हणाला, सिस्टर, ही उलटी भाषा आहे बघा,
आकडा चढला की उजेड गारठतो.

सत्तावीसशे केल्विन, निखाऱ्याजवळचा.
चार हजार, ढगाळ दुपार.
साडेसहा हजार म्हणजे बर्फावरची सकाळ, हाडापर्यंत निळी.
लोहाराला विचारा. लोखंड आधी लाल होतं,
मग पिवळं, मग पांढरं. निळं करायची
त्याच्या भट्टीची ऐपत नाही.
आपण मात्र तांबड्याला ऊबदार म्हणतो
नि सगळ्यात तापलेल्याला थंड.

मी हसले. मिरजेतल्या आमच्या मेट्रनबाईंबद्दल
आम्हीही हेच करायचो.

चौथीचा उजेड पांढराच होता, पण
कडेला शेवाळ धरल्यासारखा.
हे आकड्यात सापडत नाही, विल्फ म्हणाला.
ऊब-गारठ्याची एक रेघ असते. उजेड तिच्यावरून घसरतो,
इकडे घसरला की हिरवट, तिकडे गुलाबट.
मी हिरवट घेतली. निम्म्या किमतीत होती.

जानेवारीत वादळ झालं. तीन दिवस वीज नाही,
फोनच्या तारा आडव्या, हार्टसाइडचा घाट बर्फानं बंद,
आणि कावीळ मोजायचं यंत्र
घाटापलीकडे, जोआनच्या गाडीत.
बेथनी रेनचं बाळ तीन दिवसांचं. नीट पीत नव्हतं.
बाप क्वाबेना, ओतशाळेत कामाला,
हात कुठे ठेवावेत ते न कळून शेकोटीपाशी उभा.

मी विजेरी पेटवली
आणि बाळ आजारी झालं.
बेथनी झाली. क्वाबेना झाला.
उशीची खोळ, दुपटं, माझा स्वतःचा अंगठा,
सगळं आठवडाभर उपाशी असल्यासारखं.
कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात.
इथे कावीळ माझ्या हातात होती,
दोन सेलवर चालणारी.

पिवळं आहे का? बेथनीनं विचारलं.

इथल्या तक्त्यांवरची सगळी बाळं गुलाबी.
हे चिकूच्या गराच्या रंगाचं.
मिरजेत शिकले होते, कातडीला विचारू नकोस,
हिरड्यांना विचार, डोळ्याच्या पांढऱ्याला विचार,
आणि खिडकीशी ने.
खिडकीबाहेर सहा वाजले होते, म्हणजे मध्यरात्रच.

क्वाबेनानं आतून त्याची विजेरी आणली.
तीही विल्फकडचीच, गुलाबट, महागातली.
तिच्याखाली बाळ एकदम बरं झालं.
गाल तर लग्नाच्या फोटोतले.
बेथनीला आनंदानं रडू फुटलं.
ती विजेरी मी जास्त घाबरून बंद केली.

मग थांबलो. दोनदा पाजलं. ओल्या लंगोटांचा हिशेब केला.
अंधारात क्वाबेना भट्टीबद्दल बोलत राहिला,
ओतायच्या वेळी रस कोणत्या रंगावर येतो,
त्याच्या वस्तादाला ते नुसत्या डोळ्यानं कसं कळायचं,
आणि नवा चष्मा लागल्यावर कसं कळेनासं झालं.

साडेआठला उजाडलं. उजाडलं म्हणजे
राखेत थोडं दूध सांडावं तितकं.
बाळाला काचेशी धरलं. खालचा ओठ उलटला,
हिरडी दाबली, सोडली.
डोळा उघड म्हणून पाच मिनिटं विनवण्या.

होतं पिवळं.
हळदीच्या डब्याच्या झाकणाला आतून असतं तितकं.

आहे, मी म्हणाले, मोजायला हवं.
क्वाबेना शेजारच्या मळ्यातून ट्रॅक्टर आणायला
गुडघाभर बर्फात गेलासुद्धा.

कार्लाइलला त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं,
डोळ्यांवर इवलीशी पट्टी. उजेड इतका गार
की भोवतीच्या नर्सबाया बुडून वर आल्यासारख्या दिसत.
त्या निळ्यातच पिवळं विरघळतं.
फक्त बघायचं असेल तर दिवा बंद करावा लागतो,
चालू असताना काही कळत नाही.

विल्फनं हिरवट विजेरी परत घेतली नाही.
आता ती कोळशाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते.
कोळशाला तिचं काही वाटत नाही.