ढ चे खिळे

शाळेत मास्तर मला ढ म्हणायचे.
सातवीत बसलो तो तिथून सरळ
भवानी प्रेसमध्ये खिळे जुळवायला उभा राहिलो.

तिथं कळलं, माणसाला ढ फारसा लागत नाही.
र लागतो, त लागतो, काना तर मूठमूठ.
ढ चा खण आपला कोपऱ्यात,
जाड टायपाचे ढ मोजून अकरा,
त्यातला एक मान मोडलेला.

आणि त्या वर्षी वसमतच्या नगरपालिकेला
नऊ ढगे उभे राहिले.

नऊ! ना नात्याचे ना गोत्याचे,
एकाच्या पंगतीला दुसरा बसायचा नाही.
अप्पाराव ढगे, गळ्यात लिंग, बगलेत उधारीची वही.
सटवाजी ढगे, ज्यांची म्हैस कोर्टाच्या आवारात चरायची.
गयाबाई ढगे, पिठाच्या गिरणीवाली,
भाषणाला उभी राहिली तरी भुवया पांढऱ्या.
एका ढग्याला चिन्ह मिळालं छत्री;
मोंढ्यातले हमाल हसून हसून पोत्यांवर आडवे.
"नऊ ढगं अन् एक छत्री,
पाणी मात्र परभणीला!"

पत्रकं सगळ्यांची आमच्याकडंच.
सकाळी अप्पारावांचं छापायचं,
'ढगे यांनाच निवडून द्या',
मग मजकूर सोडायचा, खिळे रॉकेलनं पुसायचे,
त्याच अकरा ढ मधून
दुपारी सटवाजींचं, 'त्या ढगेंच्या भूलथापांना बळी पडू नका'.
रात्री गयाबाई यायची, टेबलावर पैसे मोजायची,
म्हणायची, "माझा ढ जरा नवा लाव रे, बाबा."
मी हो म्हणायचो.
नवा कुठून आणू? पुण्याला पत्र टाकलं होतं,
खिळे आले तेव्हा गुलाल वाळून गेला होता.

निवडून एकच आला, दिगंबर माणिकराव, वकील.
पुढं पक्षाचं अधिवेशन निघालं नागपूरला,
प्रतिनिधीचं कार्ड आलं पोस्टानं:
दि. मा. ढगे, मोंढा, वसमत.
पोस्टमन नवीन. त्यानं ते नेऊन दिलं
दिगू मारोती ढगेला, मापाड्याला.
दिगूनं धोतर भट्टीला दिलं, अन् गेला.
तीन दिवस खुर्चीत बसला,
सगळे हात वर करतील तेव्हा हात वर केला,
एकदा मात्र कुणीच केला नाही तेव्हा केला,
का ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.
छातीवरचा बिल्ला घेऊन परत आला,
तोच लावून मापं घालायचा.
वकीलसाहेब वर्षभर मोंढ्यातून गेले नाहीत,
लांबून, पोलीस लाइनीकडून जायचे.

परवा नातवाचा फोन, ओहायोहून.
म्हणाला, आजोबा, इथं एक यादी सापडली,
नुसते मिलर. पानंच्या पानं मिलर.
कुणी आमदार, कुणी न्यायाधीश,
कुणी एकाच अधिवेशनाला गेलेला प्रतिनिधी,
नावापुढं एक ओळ अन् खलास.
कुणाचं कुणाशी काही नातं नाही.
मी म्हणलं, मिलर म्हणजे काय रे?
म्हणाला, गिरणीवाला.
मी म्हणलं, म्हणजे आपली गयाबाई.
तो हसला. त्याला गयाबाई माहीत नाही.

मग विचारलं, त्या एका ओळीच्या माणसानं
हात वर केला होता का, आणि कशासाठी?
म्हणाला, तसलं काही लिहिलेलं नाही.
अन् तिथल्या छापखान्यात एम किती होते?
तेही नाही.

प्रेस विकलं, खिळे किलोवर गेले.
मान मोडलेला ढ तेवढा मी ठेवून घेतला.
चष्म्याच्या घरात असतो,
उघडलं की चष्म्याच्या आधी तोच पडतो,
आणि चष्म्याशिवाय
मला तो सापडत नाही.